पाचशे पासष्टांत एक

मार्च २०१३ मध्ये येमेनची राजधानी साना इथल्या एका पंचतारांकित हॉटेलात देशाचं भवितव्य ठरवायला ५६५ माणसं बसली. नाव मोठं होतं : राष्ट्रीय संवाद परिषद. परदेशी राजदूत येऊन पाठ थोपटून गेले. ट्युनिशिया पेटला, इजिप्त पेटला, लिबियात आणि सीरियात रक्ताचे पाट वाहिले. येमेनने मात्र बघा कसा चर्चेचा रस्ता धरला, असं कौतुक झालं. खुर्च्यांची वाटणी आधीच करून ठेवली होती. निम्मे दक्षिणेकडचे. तीस टक्के बाया. वीस टक्के तरुण. जुन्या राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाला ११२ जागा, दक्षिणेच्या चळवळीला ८५, इस्लाह पक्षाला ५०, हूथींना ३५.

आणि मुहम्मशीनांना? एक.

पाचशे पासष्टांत एक. नोमान अल-हुदैफी नावाचा माणूस. बाकीचे सगळे आपापल्या टोळीनिशी, पक्षानिशी, बंदुकांनिशी आलेले. हा एकटा.

दोस्तांनो, मुहम्मशीन कोण हे तुम्हांला सांगायला फार वेळ लागणार नाही. शब्दाचा अर्थच समासात टाकलेले. हे नाव त्यातल्या त्यात बरं. लोक त्यांना पिढ्यान्पिढ्या म्हणतात अखदाम. म्हणजे चाकर. काळ्या रंगाची, अरबी बोलणारी, मुसलमान माणसं. धर्म तोच, भाषा तीच, नमाज तीच. तरी शहराच्या कडेला त्यांची वेगळी वस्ती. तिला महवा म्हणतात. पत्रा, पुठ्ठा, फाटक्या ताडपत्र्या. पाणी नाही, संडास नाही. काम कोणतं? रस्ते झाडणं, गटारं उपसणं, जोडे शिवणं, आणि तेही नाही मिळालं तर हात पसरणं. त्यांच्याशी कुणी सोयरीक करत नाही. येमेनात एक म्हण सांगतात : कुत्र्याने ताटाला तोंड लावलं तर ताट धुवा, खादिमाने लावलं तर ताट फोडा. आपल्याकडच्या हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेला कान तुटलेला कप ज्यांनी पाहिलाय, त्यांना ह्या म्हणीचं भाषांतर करून द्यावं लागत नाही.

उतरंड कशी आहे बघा. सगळ्यात वर सय्यद, म्हणजे प्रेषिताच्या घराण्यातले. मग काझी. मग कमरेला खंजीर लावणारे टोळीवाले. त्यांच्याखाली न्हावी, खाटीक आणि तसले हलके मानलेले धंदे करणारे. आणि ह्या सगळ्या शिडीच्या बाहेर, जमिनीवर, अखदाम. शेकडो वर्षांपूर्वी हबशी सैन्य येमेनात आलं होतं, त्याची उरलेली ही अवलाद, म्हणून ही शिक्षा, अशी गोष्ट सांगतात. पुरावा कुणी देत नाही. माणसाला खाली दाबायचा तर त्याच्या आज्याच्या आज्याचा गुन्हा शोधून काढायचा, ही युक्ती काय फक्त मनूलाच सुचली होती असं नाही.

येमेनात टोळी हीच खरी सत्ता. तुमच्यावर अन्याय झाला तर पोलीसचौकी नंतर, आधी तुमचा शेख. शेख उभा राहतो, दुसऱ्या टोळीच्या शेखाशी बोलतो, भरपाई ठरते, नाहीतर बंदुका निघतात. अखदामांना टोळी नाही. शेख नाही. म्हणजे त्यांच्या बाजूने भांडणारा कुणी नाही, आणि त्यांना मारलं तर सूड घेणाराही कुणी नाही. कागदावर ते नागरिक आहेत. २६ सप्टेंबर १९६२ ची क्रांती झाली, इमाम गेला, प्रजासत्ताक आलं. त्या क्रांतीच्या सहा उद्दिष्टांत पहिल्याच उद्दिष्टात वर्गावर्गांतले भेद आणि विशेषाधिकार नष्ट करू असं लिहिलंय. छान लिहिलंय. दक्षिणेत १९६७ नंतर समाजवाद्यांचं राज्य आलं, त्यांनी काही काळ खरंच हात घातला. एडनमध्ये ह्या लोकांना थोडी नोकरी, थोडं शिक्षण, थोडी इज्जत मिळाली. १९९० मध्ये दोन्ही येमेन एक झाले आणि तेही विरघळलं. (एडन म्हणजे काही कुठला तरी परका गाव नव्हे. १८३९ पासून १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत होता.)

किती आहेत ते? कुणी पाच लाख म्हणतं, कुणी पस्तीस लाख. एवढा फरक पडतो कसा? कारण त्यांना कुणी धड मोजलंच नाही. युनिसेफने ताइझ शहर आणि आसपास सुमारे ९,२०० कुटुंबं पाहिली आणि २०१४ मध्ये आकडे काढले, तेव्हा मोठ्या माणसांत पाचात एकालाच लिहिता-वाचता येत होतं. शाळेत जायच्या वयाची निम्मी पोरं शाळेबाहेर. जन्माची नोंद तर अगदी थोड्यांची. नोंद नाही म्हणजे ओळखपत्र नाही. ओळखपत्र नाही म्हणजे मत नाही, नोकरी नाही, मदतीच्या यादीत नाव नाही. सत्तेची वाटणी लोकसंख्येवर करायची म्हणता ना? मग ज्याला मोजलंच नाही त्याचा वाटा शून्याने गुणायचा की कशाने?

२०११ मध्ये सानाच्या चौकात तंबू पडले. तेहतीस वर्षं खुर्चीला चिकटलेल्या अली अब्दुल्ला सालेहला लोक म्हणाले, चालता हो. त्या चौकात अखदामही गेले. विद्यार्थी, टोळीवाले, बुरखेवाल्या बाया यांच्यासोबत बसले. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना ‘भाऊ’ म्हटलं असेल. १८ मार्च २०११ ला शुक्रवारच्या नमाजानंतर गच्च्यांवरून गोळ्या झाडल्या गेल्या, पन्नासच्या आसपास माणसं मेली. त्याच धामधुमीत रस्ते झाडणाऱ्यांनी झाडू खाली ठेवले. मागणी एवढीच : आम्हांला कायम करा. वर्षानुवर्षं रोजंदारीवर झाडून घेता, आजारी पडलो की हाकलता, मेलो तर दुसरा आणता, कागद द्या. कचरा साचला तेव्हा शहराला कळलं की रस्ता कोण झाडतं. आश्वासनं मिळाली. ती कशी असतात ते आपल्याला ठाऊक आहे.

आता खरी गोम. नोव्हेंबर २०११ मध्ये सौदीच्या राजधानीत, रियाधमध्ये, एक करार झाला. आखाती देशांनी घडवून आणला, अमेरिकेने मान डोलावली. सालेहने सही केली. सत्ता त्याचा पक्ष आणि विरोधी पक्ष यांच्यात निम्मी-निम्मी. उपाध्यक्ष हादी नवा अध्यक्ष. फेब्रुवारी २०१२ ची निवडणूक झाली, उमेदवार एकच. आणि ह्या सगळ्याच्या बदल्यात काय? जानेवारी २०१२ मध्ये संसदेने कायदा केला : सालेहवर कसलाही खटला नाही. त्याच्या हाताखालच्यांवर राजकीय कामात केलेल्या गुन्ह्यांसाठी खटला नाही. गच्चीवरून गोळ्या कुणी झाडायला लावल्या, हा प्रश्न विचारायचाच नाही.

ह्याला म्हणतात सत्तेत वाटा. एकाच करारात एकीकडे खुर्च्या वाटल्या आणि दुसरीकडे जाब विचारण्याचा हक्क विकून टाकला. विकला कुणी? ज्यांचा तो नव्हता त्यांनी. मेलेल्यांच्या आयांना कुणी विचारलं नाही. सालेह देशातच राहिला, पक्षाचा अध्यक्ष राहिला, त्याचे पैसे आणि त्याच्या पलटणी शाबूत. त्याच्याच पक्षाच्या ११२ खुर्च्या त्या पंचतारांकित हॉटेलात मांडल्या होत्या. ज्याच्यावर खटला चालायला हवा तो राज्यघटना लिहायला बसला.

आणि त्याच्यासमोर आपला एकटा अल-हुदैफी.

ह्या माणसाला दोष द्यायचा नाही. तो एकटा लढला. २०१४ च्या जानेवारीत परिषद संपली तेव्हा तिच्या ठरावांत मुहम्मशीनांचा उल्लेख आला, सरकारी पदांत १० टक्के वाटा द्यावा अशी शिफारस आली. येमेनच्या इतिहासात आधी कुणी असं लिहिलं नव्हतं. एका खुर्चीतून एवढं काढणं साधी गोष्ट नाही. पण प्रश्न त्या माणसाचा नाहीच. त्या परिषदेतला एकही माणूस जनतेने मत देऊन पाठवलेला नव्हता. पक्षांनी आपली माणसं दिली, तयारी समितीने उरलेली निवडली, अध्यक्षाने आपली यादी जोडली. मग ज्याला पाठवला तो चुकला तर महव्यातला सफाई कामगार त्याला परत कसा बोलावणार? आणि तो बरोबर बोलला तरी, त्याच्यामागे किती माणसं उभी आहेत हे समोरच्याला दिसणार कसं?

इथे गोलमेज परिषदेची आठवण येते, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. १९३० साली लंडनला नव्वदच्या घरात प्रतिनिधी होते, त्यांत अस्पृश्यांचे दोन : बाबासाहेब आणि रेट्टामलाई श्रीनिवासन. तेही निवडून आलेले नव्हते, व्हाइसरॉयने नेमलेले होते. फरक काय? जाण्याआधी ऑगस्ट १९३० मध्ये नागपूरला अस्पृश्यांची परिषद भरली, बाबासाहेबांनी तिथे जाहीरपणे आपलं म्हणणं मांडलं. लंडनला जे बोलायचं ते आधी आपल्या माणसांसमोर बोलले. नेमलं इंग्रजाने, पण हिशेब द्यायचा तो महारवाड्याला. म्हणून गांधीजी जेव्हा म्हणाले की अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी मीच, तेव्हा गावोगावाहून तारा गेल्या : नाही, आंबेडकर. येमेनच्या महव्यांतून तारा कोण पाठवणार होतं? पाचात चार जणांना लिहिता येत नाही, आणि संघटना म्हणाल तर मूठभरांची.

शिफारशीचं पुढे काय झालं तेही ऐका. घटनेचा मसुदा तयार झाला. जानेवारी २०१५ मध्ये तो मसुदा सादर करायला निघालेल्या अध्यक्षांच्या कार्यालयप्रमुखाला हूथींनी भर रस्त्यात पळवून नेलं. त्याआधी २१ सप्टेंबर २०१४ लाच त्यांनी साना ताब्यात घेतलं होतं. कुणाच्या मदतीने? त्याच सालेहच्या, ज्याला माफी दिली होती. मार्च २०१५ मध्ये सौदीची विमानं आली. सालेह पुढे डिसेंबर २०१७ मध्ये हूथींच्याच हातून मेला. दहा टक्क्यांचा कागद त्या धुरात कुठे गेला कुणास ठाऊक. टेबलावर ज्यांना ३५ खुर्च्या होत्या त्यांना वाटणी पटली नाही, ते उठले आणि त्यांनी शहर घेतलं. एक खुर्ची असलेला उठून काय घेणार? झाडू?

कुणी म्हणेल, येमेन म्हणजे टोळ्यांचा देश, तिथे दुसरं काय व्हायचं. ठीक. मग जिथे वाटणी टिकली असं म्हणतात तिथे बघू. लेबनॉन. १९४३ मध्ये तिथल्या पुढाऱ्यांनी तोंडी करार केला : अध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया. आधार कोणता? १९३२ ची जनगणना. त्यानंतर आजवर तिथे जनगणना झालेली नाही. मोजलं तर वाटणी बदलावी लागेल, म्हणून मोजायचंच नाही. १९७५ ते १९९० यादवी. १९८९ च्या ताइफ करारात संसद निम्मी ख्रिस्ती, निम्मी मुसलमान केली. आज जागा १२८. मान्यता असलेले पंथ अठरा. लग्न करायचं, घटस्फोट घ्यायचा, वारसा मागायचा तर ज्या-त्या पंथाच्या दारात जा. देशात साधं नोंदणी लग्न होत नाही. पोरं-पोरी बोटीत नाहीतर विमानात बसून सायप्रसला जाऊन लग्न लावून येतात.

१९९१ मध्ये तिथेही माफीचा कायदा झाला. ज्यांनी यादवीत नाकेबंद्या लावल्या, ओळखपत्रावरचा धर्म बघून माणसं मारली, त्यांच्या टोळ्यांचे म्होरके कोट घालून मंत्री झाले. अमल ह्या सशस्त्र गटाचे नेते नबीह बेरी १९९२ मध्ये सभापती झाले आणि तीस वर्षांहून जास्त काळ त्या खुर्चीवर. प्रत्येक पंथाचा एक जहागीरदार. नोकरी हवी, इस्पितळात खाट हवी, पोराला शाळा हवी, त्याच्याकडे जा. सरकार म्हणजे काय, तर ह्या जहागीरदारांनी वाटून घेतलेली गिरणी.

४ ऑगस्ट २०२० ला बैरुतच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. ते खत वर्षानुवर्षं गोदामात पडून होतं, सरकारात अनेकांना माहीत होतं. दोनशेवर माणसं मेली, अर्धं शहर उडालं. एका न्यायाधीशाने माजी मंत्र्यांवर ठपका ठेवला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याला काढलं. दुसरा आला, तारेक बितार. त्याने मंत्र्यांना बोलावणी पाठवली. मंत्री म्हणाले, आम्हांला संरक्षण आहे. मंत्र्यांच्या पक्षांचे लोक रस्त्यावर उतरले, ऑक्टोबर २०२१ मध्ये गोळीबार झाला, सात जण मेले. तपास एक वर्षाहून जास्त थांबला. २०२३ मध्ये बितारने पुन्हा हात घातला तर देशाच्या सरकारी वकिलाने त्याच्यावरच आरोप ठेवले. जानेवारी २०२५ मध्ये कुठे चौकशी परत सुरू झाली. युक्ती लक्षात घ्या : मंत्र्याला जाब विचारला की तो म्हणतो, हा माझ्या पंथावर हल्ला आहे. खाताना एकटा, अंगावर आलं की पंथ पुढे. ही युक्ती ओळखीची वाटते की नाही? आपल्याकडेही एखाद्या पुढाऱ्याच्या बँकेची, कारखान्याची चौकशी लागली की समाजाचा मोर्चा निघतो.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बैरुत-त्रिपोलीच्या चौकांत पोरांची एकच घोषणा होती : सगळे म्हणजे सगळे. म्हणजे माझ्या पंथाचाही पुढारी चोर, तोही जाऊ दे. शियाची पोरगी शिया पुढाऱ्याला चोर म्हणत होती, सुन्नीचा पोरगा सुन्नी पुढाऱ्याला. लेबनॉनच्या ऐंशी वर्षांत ह्याच्याइतकी खरी गोष्ट कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही.

आता आपल्याकडचे शहाणे लगेच मान डोलावणार : बघा, आम्ही सांगत नव्हतो, जातवार-पंथवार जागा ठेवल्या की देश बुडतो, काढून टाका राखीव जागा! थांबा, एवढी घाई नको. लेबनॉनमध्ये जागा दुबळ्यांना राखून ठेवलेल्या नाहीत. ती सबळांनी आपापसांत केलेली वाटणी आहे. मॅरोनाइट बँकवाला आणि सुन्नी बिल्डर यांच्यातला सौदा. शिया झोपडपट्टीतल्या बाईला त्यात काय? त्यांच्या घरी भांडी घासणाऱ्या इथिओपियाच्या बाईला काय? तिचा पासपोर्टसुद्धा बहुतेक वेळा मालकाच्या कपाटात. तिचा तर पंथच यादीत नाही.

आणि आणखी एक बारीक गोष्ट. लेबनॉनमध्ये जागा पंथाला राखीव, पण मत मतदारसंघातल्या सगळ्यांनी द्यायचं. म्हणजे ख्रिस्ती जागेवर कोणता ख्रिस्ती निवडून यायचा हे जिथे मुसलमान मतं जास्त तिथे मुसलमान जहागीरदार ठरवायचा, उलटही तसंच. ख्रिस्ती लोकांची कायम ओरड होती की आमच्या जागांवर बसलेले आमचे नाहीत. २०१७ मध्ये कायदा बदलला, ते थोडं कमी झालं.

वाचताना २४ सप्टेंबर १९३२ आठवला ना? स्वतंत्र मतदारसंघ होते तेव्हा जागा ७१, पण निवडणारे आम्ही. पुणे करारात जागा १४८, पण निवडणारे सगळे. जागा दुप्पट झाल्या आणि दोरी दुसऱ्याच्या हातात गेली. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत खुद्द बाबासाहेब राखीव जागेवर पडले, १९५४ मध्ये भंडाऱ्यात पडले. ज्यांनी घटना लिहिली त्यांना राखीव जागेतून लोकसभेत जाता आलं नाही, आणि त्यांना पाडणाराही अस्पृश्यच होता. जागा भरली. कायदा पाळला. म्हणून राखीव जागा काढून टाका असं बाबासाहेब म्हणाले का? ते म्हणत होते, निवड आमच्या हातात द्या. १९४७ मध्ये घटना समितीसाठी जे निवेदन लिहिलं त्यातही पुन्हा स्वतंत्र मतदारसंघच मागितले. खुर्ची किती हा त्यांच्या लेखी अर्धा प्रश्न होता. बसणाऱ्याची मान कोणाच्या हातात, हा उरलेला अर्धा.

येमेनचे ते १० टक्के उद्या खरे झाले असते तरी हाच प्रश्न आला असता. शेखाने आपल्या दारातला एखादा गरीब खादिम उचलून खुर्चीवर बसवला असता. हा बघा आमचा मुहम्मशीन, आणि म्हणतो की सगळं ठीक आहे.

इराककडे जाऊ. २००३ मध्ये अमेरिकेने सद्दामला पाडून जी पहिली शासकीय परिषद नेमली तिच्यात पंचवीस माणसं : तेरा शिया, पाच सुन्नी अरब, पाच कुर्द, एक तुर्कमान, एक असिरियन ख्रिस्ती. तराजू घेऊन बसले होते साले. हीच पद्धत पुढे चालली. तिला तिथे मुहासासा म्हणतात. पुढे संसदेत ख्रिस्ती, यझीदी, साबियन, शबक ह्या छोट्या समाजांना थोड्या जागा राखून ठेवल्या. चांगलं झालं. पण बसराचे काळे इराकी? त्यांना एकही नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे हे वंशज. बसराच्या खाऱ्या जमिनी साफ करायला त्यांना जुंपलं होतं. ८६९ मध्ये त्यांनी बंड केलं आणि चौदा वर्षं बगदादच्या खलिफाला जेरीस आणलं. आजही त्यांना तोंडावर ‘अब्द’ म्हणतात. अब्द म्हणजे गुलाम. ते मुसलमान आहेत, बहुतेक शियाच, म्हणून हिशेबात ते ‘शिया’ ह्या खात्यात जमा. शियांना वाटा मिळाला म्हणजे तुम्हांलाही मिळाला, असं त्यांना सांगतात. हिंदूंना मिळालं म्हणजे तुम्हांला मिळालंच की, हे वाक्य आपल्या कानांनी किती वेळा ऐकलंय!

जलाल दियाब नावाच्या माणसाने हे खातं नाकारलं. त्याने ‘मुक्त इराकी’ नावाची चळवळ उभी केली, बसराच्या वस्तीत पोरांना शिकवायचे वर्ग चालवले, आणि इतर लहान समाजांसारखी संसदेत आमचीही जागा हवी अशी मागणी लावून धरली. अमेरिकेत ओबामा निवडून आला तेव्हा त्याच्या वस्तीत जल्लोष झाला होता. एप्रिल २०१३ मध्ये, म्हणजे सानाच्या हॉटेलात ती परिषद सुरू होऊन महिना-सव्वा महिना झाला असेल तेव्हा, त्याला गोळ्या घालून मारलं. मागणी किती मोठी होती? एक खुर्ची.

एक खुर्ची मागणाऱ्याला गोळी आणि एक खुर्ची मिळालेल्याला टाळ्या. म्हणून मला त्या खुर्चीचा तिटकारा येत नाही. ती मागायलाच हवी. फक्त ती घेताना पहिला प्रश्न हा की मला इथे कोणी पाठवलं, आणि दुसरा हा की मी विकला गेलो तर मला कोण खाली ओढणार. महव्यात मतपेटी गेली पाहिजे. त्याआधी महव्यात जन्मदाखला गेला पाहिजे. त्याहीआधी गच्चीवरच्या बंदूकवाल्याला दिलेली माफी रद्द झाली पाहिजे, कारण ज्याला काल माफी मिळाली तो उद्या पुन्हा चढणार, आणि चढलाच.

युद्धात मुहम्मशीनांचे सगळ्यात जास्त हाल झाले. घरं मुळातच पत्र्याची, ती उडाली. पळून दुसऱ्या गावात गेले तर गावाने शाळेत, छावणीत शिरू दिलं नाही. मदतीची यादी करणारा म्हणे कागद दाखव. एप्रिल २०२२ मध्ये रियाधमध्येच पुन्हा एक मंडळ बनलं, हूथींच्या विरोधातल्या सरकारचं. आठ माणसं, आठही पुरुष, बहुतेकांच्या मागे आपापली फौज किंवा टोळी. मुहम्मशीन? पाचशे पासष्टांत एक तरी होता. आठांत कुठून येणार!

आणि हूथी? त्यांचं पुढारीपण सय्यदांचं, शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीचं. २०२० च्या सुमारास त्यांच्या नेत्याने मुहम्मशीनांना नवीन नाव दिलं : बिलालचे नातू. बिलाल हा प्रेषिताचा काळा साथीदार, इस्लामचा पहिला अजान देणारा, गुलामीतून सुटलेला. नाव सुंदर आहे. पण मागितलं कुणी? आपल्याला ‘हरिजन’ म्हणाले होते तेव्हाही नाव सुंदरच होतं, देवाची लेकरं. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात ते नाव कायद्यात घालायला निघाले तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्या पक्षाचे आमदार उठून बाहेर गेले. बिलालच्या नातवांना बाहेर पडायला विधिमंडळच नाही. मानवी हक्कांचं काम करणारे सांगतात की ह्या वस्त्यांतून पोरं भरती करून आघाडीवर पाठवली गेली. मेलं की भिंतीवर शहीद म्हणून चित्र लागतं. जिवंतपणी त्याच भिंतीखालचा रस्ता झाडायचा.

त्याच २०२० च्या जून महिन्यात सानातल्या हूथी सरकारने जकातीचे नवीन नियम काढले. जमिनीतून आणि समुद्रातून निघणाऱ्या संपत्तीतला पाचवा हिस्सा, म्हणजे वीस टक्के, बाजूला काढायचा आणि त्यातला एक वाटा बनी हाशिमला, प्रेषिताच्या घराण्याला. म्हणजे सय्यदांना. तो नियम लागू व्हायला संवाद परिषद भरवावी लागली नाही, आणि घटनेच्या मसुद्याची वाटही पाहावी लागली नाही.